अकूस्टिक न्यूरोमाच्या ऑपरेशननंतर अर्धा चेहरा गेलाय, कुणाला अनुभव आहे का?

मांजराकाठ

नमस्कार. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, पहिली-दुसरीला शिकवते. डाव्या कानानं कमी ऐकू यायला लागून बरीच वर्षं झाली होती. फोन कधी उजव्या कानाला जायला लागला ते कळलंसुद्धा नाही. पुढं त्या कानात सतत किर्र आवाज सुरू झाला, आणि रात्री लाइट गेली की भिंत धरल्याशिवाय चालता येईना. अंबाजोगाईच्या कानाच्या डॉक्टरांनी ऐकण्याची चाचणी घेतली, दोन्ही कानांत एवढा फरक बघून सरळ एमआरआय करायला लावला. अकूस्टिक न्यूरोमा निघाला, म्हणजे कानाच्या नसेवरची गाठ, तीन सेंटिमीटरच्या वर. पुण्याला ऑपरेशन झालं. गाठ साधी आहे, कॅन्सरची नाही. डावा कान कायमचा गेला, पण ते आधीच सांगितलेलं होतं, त्याचं मला फारसं काही नाही.

चेहऱ्याचं आहे. डावी बाजू पूर्ण गळालीय. भुवई उचलत नाही, डोळा मिटत नाही, गुळणी भरली की डाव्या कोपऱ्यातून पाण्याची पिचकारी. चहा बशीतून प्यायचा, तोही हनुवटीला रुमाल धरून. भाकरीचा घास डाव्या गालात जाऊन बसतो तो बोटानं काढावा लागतो. ऑपरेशनला दोन महिने होत आले. सुटी देताना 'येईल हळूहळू' एवढंच सांगितलं. कागदावर फेशियल वीकनेस, ग्रेड सहा असं लिहिलंय. सहा म्हणजे सहापैकी की दहापैकी, तेही माहीत नाही.

गावात सगळे म्हणायलेत, बाईवरून वारं गेलं. सासूबाईंच्या ओळखीतल्या एकानं लकव्याची पुडी आणून देव्हाऱ्याजवळ ठेवलीय, तिच्याकडं बघून दिवस काढायलेय. तर विचारायचं ते असं: हे वारं नाहीच ना? चेहरा परत येतो का, आणि किती दिवसांनी? आणि शाळेवर कसं जायचं? पहिलीच्या पोरांना 'प' शिकवायचाय आणि माझाच 'प' निघत नाही.

पैठणची_पोर

ताई, वाचून पोटात गोळा आला. माझ्या भावाला हीच गाठ निघालीय, लहान आहे अजून. वाचनखूण लावून ठेवते. माझे प्रश्न नंतर विचारते, आधी तुमचं होऊ दे.

शंखनाद

मी संभाजीनगरला कान-नाक-घसा बघतो. न तपासता इलाज सांगणार नाही, पण झालंय काय ते समजलं तर तुमच्या सर्जनला नेमकं विचारता येईल.

आधी वाऱ्याचं. आपल्याकडं तोंड वाकडं झालं की सगळ्यांना एकच नाव. एक ते दोन दिवसांत अचानक चेहरा जातो तो बहुतेक वेळा बेल्स पाल्सी असतो. त्यात पहिल्या ७२ तासांत स्टेरॉइड सुरू केलं तर फायदा होतो, आणि बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत ते तीनेक महिन्यांत सुधारतो. दुसरा प्रकार खऱ्या लकव्याचा, म्हणजे मेंदूतला. त्यात कपाळ बहुधा वाचतं, भुवई उचलता येते, आणि सोबत हातपाय किंवा बोलणं गेलेलं असतं. तुमची भुवईसुद्धा उचलत नाही, म्हणजे बिघाड मेंदूत नाही, मेंदूतून निघालेल्या नसेत आहे. कारणही समोर आहे.

कानाच्या मागच्या हाडात आत एक सेंटिमीटरभर लांबीची अरुंद नळी असते. तिच्यातून दोन नसा शेजारी शेजारी जातात. आठवी नस ऐकण्याची आणि तोलाची, सातवी चेहऱ्याची. ही गाठ आठवीच्या तोल सांभाळणाऱ्या फांदीच्या वेष्टनातून उगवते, म्हणून तिचं खरं नाव व्हेस्टिब्युलर श्वानोमा. वर्षाला लाखात एखाद्याला होते. वाढते हळू, बऱ्याच जणांत वर्षाला एक-दोन मिलिमीटर. वाढता वाढता शेजारच्या सातवीला ढकलते, बहुतेक वेळा पुढच्या बाजूला. गाठ तुमच्याएवढी झाली की ती नस गाठीच्या अंगावर पसरून भाकरीच्या पापुद्र्याइतकी पातळ झालेली असते. सर्जनला गाठ काढताना तो पापुद्रा सोडवून वेगळा ठेवायचा असतो, मायक्रोस्कोपखाली, तासन् तास.

आणि एवढी ताणली गेली तरी ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत चेहरा व्यवस्थित चालतो. फार चिवट नस आहे. म्हणून कान वर्षानुवर्षं आधी जातो आणि चेहऱ्याला काही होत नाही. गाठ लहान आणि चेहरा मात्र आधीच लुळा, असं दिसलं तर आम्ही उलटा विचार करतो की गाठ सातवीचीच तर नाही.

ग्रेड सहापैकी. हाउस आणि ब्रॅकमन या दोन अमेरिकन सर्जननी १९८५ मध्ये ही मोजपट्टी मांडली, जगभर तीच चालते. एक म्हणजे नॉर्मल. तीनमध्ये जोर लावला तर डोळा पूर्ण मिटतो, चारमध्ये जोर लावूनही मिटत नाही, सहामध्ये काहीच हालचाल नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, परत येईल का. त्याचं उत्तर एका गोष्टीवर आहे: ऑपरेशन संपलं तेव्हा नस अखंड होती का? डिस्चार्ज कार्डवर हे बहुतेक नसतं. ऑपरेशन नोट वेगळी असते, तिची प्रत मागा, तुमचा हक्क आहे. तिच्यात दोन गोष्टी बघायच्या. नस अखंड ठेवली असं लिहिलंय का, आणि शेवटी तिला बारीक करंट देऊन बघितलं तेव्हा चेहऱ्याच्या स्नायूंनी प्रतिसाद दिला का. मोठ्या ठिकाणी ऑपरेशनभर डोळ्याच्या आणि ओठाच्या स्नायूत सुया लावून हे बघत असतात.

आणखी एक. शुद्धीवर आल्या आल्या चेहरा गेलेला होता, की दोन-चार दिवस बरा राहून मग गेला?

कुंडलिका

ताई, मी जालन्याचा, मोंढ्यात बियाणांचं दुकान आहे. माझीही हीच गाठ होती, उजव्या बाजूची. ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली. शंखनादसाहेबांनी नसेचं सांगितलं, मी आरशापुढचं सांगतो.

पहिले काही महिने काहीच होत नाही. खरंच काहीच नाही. या काळात माणूस खचतो, कारण घरचे रोज सकाळी तोंडाकडं बघून विचारतात, "आज काही फरक?" त्यांना सांगून टाका, महिन्यातून एकदा विचारा. हलायच्या आधी चेहऱ्यात ताण येतो. म्हणजे गप्प बसलेला असताना गाल पूर्वीइतका लोंबत नाही, ओठाचा कोपरा जरासा वर सरकतो. फोटोत आधी कळतं. मग एक दिवस नाकपुडीजवळ किंवा गालाच्या मध्यावर काहीतरी वळवळतं. माझं पुढं बरंच आलं, डोळा मिटतो, गुळणी टिकते. पूर्ण मात्र नाही आलं. कपाळ अजून गुळगुळीत आहे, त्या बाजूनं मी पंचविशीतला दिसतो.

आणि नस परत येते तेव्हा चुकीच्या घरात शिरते, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. हसलो की उजवा डोळा आपोआप मिटतो. दुकानात गिऱ्हाइकाला वाटतं, शेठ डोळा मारायलाय. जेवायला बसलो की त्या डोळ्यातून पाणी. बायको एकदा म्हणाली, भाजी एवढी वाईट झालीय का.

परळीचा_पाहुणा

ताई, डॉक्टर लोकांचं चालूच राहतं. आमच्या पाहुण्यातल्या एकाचं तोंड असंच वाकडं झालतं. लकव्याची मुळी उगाळून लावली, कबुतराचं रक्त चोळलं, पंधरा दिवसांत सरळ. करून बघायला काय जातंय? आणि फिजिओथेरपीवाल्याकडं जाऊन मशीनचा करंट घ्या, चाळीस सिटिंग, नस जागी होते.

कुंडलिका

पंधरा दिवसांत सरळ झालं म्हणजे ते बेल्सचं होतं, तसंही सरळ झालं असतं. कबूतर हकनाक गेलं.

मांजराकाठ

बरेच दिवसांनी हसले, तेही अर्ध्याच तोंडानं. कुंडलिकाभाऊ, धन्यवाद.

शंखनादसर, शुद्धीवर आल्या आल्याच गेलेला होता. ऑपरेशन नोटसाठी भावाला पुण्याला पाठवते. करंटचं मात्र इथल्या दोघातिघांनी सांगितलंय, घ्यावा का?

गोदातीर

मी नांदेडला फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून करंटचं मी बोलतो. आमच्याच धंद्यातली माणसं हे सर्रास देतात, आणि पेशंटलाही आवडतं, कारण मशीन लावलं की गाल टुणकन उडतो, पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. पण चेहऱ्याच्या नसेत त्यानं फायदा होतो हे ठामपणे सिद्ध झालेलं नाही. नस तुटलेली किंवा झोपलेली असेल तर करंटनं ती लवकर वाढत नाही. ती तिच्या चालीनं वाढते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मेंदूपासून गालापर्यंतचं अंतर मोजा, मग दोन महिन्यांत काहीच का नाही ते कळेल. शिवाय चेहऱ्यावर खास काम करणारे बरेच थेरपिस्ट करंट टाळतात, कारण अख्खा गाल एकदम आकसायची सवय नको. कुंडलिकाभाऊंना जो त्रास आहे, हसताना डोळा मिटायचा, त्याला सिन्किनेसिस म्हणतात. एकदम सगळं ओढण्याची सवय लागली तर तो वाढेल अशी भीती असते.

मग करायचं काय? आत्ता, ग्रेड सहाला, जवळपास काहीच नाही. फुगे फुगवू नका, च्युइंगम चघळू नका, आरशापुढं दात-ओठ खाऊन जोर लावू नका. तुम्ही जोर लावता तेव्हा काम उजवी बाजू करते, ती आणखी ओढते, आणि तोंड जास्त वाकडं दिसतं. उजवा गालच सैल सोडायला शिका. डावा गाल दिवसातून दोन-तीन वेळा बोटांनी हळू चोळा, खालून वर, कानाच्या दिशेनं. टीव्ही बघताना हनुवटी डाव्या तळहातावर टेकवून गाल जरा वर धरला तरी चालतो, लोंबणारं कातडं तेवढंच कमी ताणतं.

हालचाल दिसायला लागली की मग खरं काम. तेव्हाही छोटं आणि सावकाश. हसायचं ते ओठाचा कोपरा हलेल न हलेल एवढंच, डोळा उघडा ठेवून, आरशात बघत. पाच मिनिटं नीट केलेलं अर्ध्या तासाच्या आदळआपटीपेक्षा बरं.

शाळेबद्दल. प, फ, ब, भ, म, पाचही अक्षरांना दोन्ही ओठ घट्ट मिटावे लागतात. तुमचा डावा कोपरा उघडा राहतो, हवा तिथूनच जाते. बोलताना डाव्या हाताच्या एका बोटानं तो कोपरा हलका वर टेकवून धरा, आवाज लगेच बदलेल. पोरं दोन दिवस हसतील, तिसऱ्या दिवशी तीही बोट लावून बोलतील. आणि वर्गात अशा उभ्या राहा की पोरं तुमच्या उजव्या हाताला येतील, डावा कान गेलाय ना.

जेवणाचं साधं आहे. भाकरी वरणात नाहीतर दुधात कुस्करून, घास उजवीकडं, आणि जेवून झाल्यावर डाव्या गालातला कण न् कण बोटानं, ब्रशनं काढायचा. त्या बाजूला थुंकी कमी सुटते आणि अन्न अडकून राहतं, म्हणून दात लवकर किडू शकतात. जिभेच्या पुढच्या भागाची चवही त्याच नसेतून येते.

डोळस

सगळे चेहऱ्याचं बोलायलेत, मला डोळ्याचं विचारू द्या. मी नेत्रतज्ज्ञ आहे, लातूरला.

मांजराकाठताई, चेहरा सहा महिने उशिरा आला तरी चालेल, बुबुळ गेलं तर परत येत नाही. तीन गोष्टी सांगा. डावा डोळा लाल आहे का? डाव्या गालाला किंवा कपाळाला मुंग्या, बधिरपणा आहे का? आणि त्या डोळ्यात कचरा गेला तर टोचतं का?

मांजराकाठ

लाल आहे. गाल थोडा बधिर आहे. टोचायचं म्हणाल तर परवा पोळ्या करताना पीठ उडून डोळ्यात गेलं, मुलानं सांगितलं तेव्हा कळलं. दुखत काहीच नाही. थेंब चार वेळा टाकते.

डोळस

दुखत नाही हेच वाईट आहे. उद्या सकाळी दाखवा, सोमवारपर्यंत थांबू नका. अंबाजोगाई जवळ असेल तर तिथं, पण स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्याच्या मायक्रोस्कोपवर, आणि डोळ्यात रंग टाकून तपासायला सांगा.

कारण असं. डोळा मिटवते सातवी नस, डोळ्यात अश्रू आणण्यात तिचाच वाटा, आणि बुबुळाला काही लागलं हे सांगते पाचवी. गाठ मोठी असली तर तिचा दाब पाचवीवरही येतो. मग डोळा उघडा, कोरडा आणि वरून बधिर. साध्या बेल्सच्या पेशंटला निदान डोळा टोचतो म्हणून तो धावत येतो. तुमच्यासारखे पेशंट येतात ते बुबुळावर पांढरा डाग पडल्यावर.

मांजराकाठ

(दोन दिवसांनी) दाखवलं. बुबुळाच्या खालच्या पट्ट्यावर रंग धरलाय म्हणाले, वरवरची जखम आहे, खोल नाही. थेंब बदलून दिले, रात्रीचं मलम आणि अँटिबायोटिक दिलं, आठवड्यानं परत बोलावलंय. गेले नसते तर काय झालं असतं ते त्यांनी सांगितलं, ते इथं लिहीत नाही. डोळसताई/सर, तुमचे पाय धरते.

डोळस

ताई. आणि पाय नको, नीट टेप लावा.

रात्रीची टेप हा प्रकार शंभरात नव्वद जण चुकीचा करतात. डोळा उघडा, त्यावर कापसाची घडी, वरून पट्टी. म्हणजे रात्रभर कापूस बुबुळावर घासतो. आधी मलम घाला, मग बोटानं वरची पापणी खाली ओढून डोळा पूर्ण मिटवा, आरशात नाहीतर कुणालातरी बघायला लावून खात्री करा, आणि मग कागदी टेप पापणीवरून गालाकडं तिरकी लावा. सकाळी टेप ओढून काढू नका, ओली करून सोडवा, रोज ओढून कातडं सोलतं. मलमानं दिवसा धूसर दिसतं म्हणून ते रात्रीचं, दिवसा थेंब. दिवसातून सहा-आठ वेळा थेंब लागणार असतील तर बिनप्रिझर्व्हेटिव्हचे मागा, महाग पडतात पण तेच.

आता आपल्या भागाचं. उन्हाळ्यात कूलर. कूलरचा झोत रात्रभर तोंडावर घेऊन झोपायची आपल्या सगळ्यांना सवय, उघड्या डोळ्याला त्याच्याइतकं वाईट काही नाही. कूलर पायाकडं लावा, पंखाही. सोयाबीन, तुरीची मळणी चालू असेल तिकडं फिरकूसुद्धा नका. मोटारसायकलवर मागं बसून शाळेला जात असाल तर बाजूनं बंद असलेला गॉगल, नुसता स्कार्फ पुरत नाही, वारा खालून शिरतो. खरं तर सगळीकडून बंद असलेला प्लास्टिकचा पारदर्शक चष्मा मिळतो, त्यात डोळ्याचा ओलावा टिकतो. दिसतो विचित्र. घाला.

काही महिन्यांनीही डोळा मिटला नाही तर वरच्या पापणीत सोन्याचं किंवा प्लॅटिनमचं बारीक वजन बसवता येतं, साधारण ग्रॅमभर. छोटं ऑपरेशन आहे, नस परत आली की काढूनही टाकता येतं, एमआरआयलाही अडत नाही. पण ते वजनानं खाली येतं, म्हणून आडवं झाल्यावर तितकं काम करत नाही, रात्रीची टेप सुटत नाही. बधिरपणा राहिला तर मात्र मी बाहेरच्या कोपऱ्यात पापण्यांना टाके घालून डोळा अर्धवट बंद करायचं सुचवेन. बायका ऐकून घाबरतात, दिसण्यावरून रडतात. पण नजर राहते.

परळीचा_पाहुणा

सोन्याचा भाव बघता पापणीत ठेवलेलं बरं, चोरी व्हायची भीती नाही.

(ताई, डोळ्याचं वाचून मीपण गार पडलो. ती पुडी फेकून द्या.)

पैठणची_पोर

आता मी विचारू? भाऊ ३४ वर्षांचा, गाठ सव्वा सेंटिमीटर, उजव्या कानाला थोडं कमी ऐकू येतं, चेहरा ठणठणीत. एक डॉक्टर म्हणतात काढून टाका, एक म्हणतात नुसतं बघत राहा, एक म्हणतात गॅमा नाइफ. हा धागा वाचून भाऊ म्हणतो, मी काहीच करणार नाही.

शंखनाद

तिघंही चूक नाहीत, म्हणूनच घोळ होतो. एवढ्या गाठीला सहा महिन्यांनी, मग वर्षानं एमआरआय करून बघत राहणं हा खरा पर्याय आहे, टाळाटाळ नव्हे. कित्येक गाठी वर्षानुवर्षं आहे तशाच राहतात. मात्र 'बघत राहणं' म्हणजे खरंच बघणं. एमआरआय चुकवला आणि तीन सेंटिमीटरला परत आला तर चेहरा वाचवणं फार अवघड जातं. कानही तेवढ्यात आणखी उतरू शकतो, हे धरून चालायचं.

गॅमा नाइफमध्ये चाकू नसतो. बारीक किरणं गाठीवर एकवटतात, साधारण १२-१३ ग्रे (किरणांचा डोस मोजायचं माप), एकाच दिवसात. गाठ निघून जात नाही, वाढायची थांबते, सुरुवातीला जराशी सुजूही शकते. चेहऱ्याच्या नसेला धोका फारच कमी, पण अडीच-तीन सेंटिमीटरच्या वर आणि मेंदूच्या देठावर दाब असेल तर ते चालत नाही. तिथं ऑपरेशनच. म्हणून मांजराकाठताईंपुढं तो पर्याय नव्हता, उगाच कुणी त्यांना 'गॅमा का नाही केलं' विचारू नये.

हल्ली मोठ्या गाठीत काही सर्जन नसेला घट्ट चिकटलेला थर मुद्दाम ठेवतात, आणि त्यावर लक्ष ठेवतात किंवा पुढं किरणं देतात. पूर्ण गाठ काढल्याचं समाधान नाही, पण चेहरा वाचतो. भाऊ चाळिशीच्या आतला आहे म्हणून एक तपासायचं: गाठ दोन्ही बाजूंना नाही ना, घरात आणखी कुणाला नाही ना. दोन्हीकडं असेल तर तो एनएफ-२ नावाचा आनुवंशिक आजार, त्याचा हिशेबच वेगळा.

सर्जनला विचारायचं ते एवढंच: अशा गाठी तुम्ही वर्षाला किती काढता, नसेवर लक्ष ठेवणारं यंत्र वापरता का, आणि तुमच्या पेशंटांचे चेहरे वर्षानंतर कसे असतात. चिडले तर दुसरीकडं जा.

गुरुजी_हिंगोलीकर

अवांतर, पण कामाचं. मांजराकाठताई, शिक्षक म्हणून वैद्यकीय देयकाची फाइल लावली असेलच. डोळ्याची आणि पुढच्या फिजिओची बिलं वेगळी जपून ठेवा, ऑपरेशन नोटची प्रतही फाइलला जोडून ठेवा, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहीशिवाय पुढं सरकत नाही. पैठणची_पोर, भावाला नोकरीतून मिळणार नसेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, पण कोणता उपचार कोणत्या पॅकेजात बसतो ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

मांजराकाठ

नोट आली. भावानं फोटो पाठवला. त्यात लिहिलंय: नस पातळ झालेली, गाठीच्या पुढच्या बाजूला पसरलेली, अखंड ठेवली, शेवटी मेंदूच्या देठाजवळ कमी करंटला प्रतिसाद मिळाला. नसेवर गाठीचा पातळ थर ठेवलाय असंही आहे, ते आम्हाला कुणी बोललं नव्हतं.

शंखनाद

छान बातमी आहे. नस अखंड, आणि देठाजवळ दिलेला करंट चेहऱ्यापर्यंत पोचला, याचा अर्थ चेहरा बराच परत यायची शक्यता चांगली. खात्री नव्हे, शक्यता. पहिली हालचाल तीन-चार महिन्यांनी दिसली तरी ठीक, सहा महिन्यांनी दिसली तरी होते, सुधारणा वर्ष-दीड वर्ष चालू राहते. उशिरा सुरू होईल तितका शेवटचा निकाल कमी असतो, हे खरं.

पण घड्याळ आजपासून लावा. नसेची वाट बघत चेहऱ्याचे स्नायू कायम थांबत नाहीत, वर्ष-दीड वर्षात वाळायला लागतात. सहा महिन्यांपर्यंत तिळभरही हालचाल नसेल तर स्नायूंची इएमजी (बारीक सुई घालून स्नायूतली विजेची हालचाल बघायची चाचणी) करून घ्या आणि नसेचं काम करणाऱ्या प्लास्टिक सर्जनचं मत घ्या. 'आणखी वर्षभर बघू' म्हणून कुणी टाळलं तर टळू नका. त्या काळात जिभेच्या किंवा चावण्याच्या स्नायूच्या नसेची फांदी चेहऱ्याच्या नसेला जोडता येते. दात दाबले की गाल हसतो, मग सरावानं दात न दाबताही जमायला लागतं. ती वेळ गेली तर मांडीतला स्नायू गालात बसवण्यासारखी मोठी ऑपरेशनं उरतात. होतात, चांगली होतात, पण का जायचं तिथवर.

ज्यांच्या नोटमध्ये नस तुटली असं लिहिलं असेल त्यांनी तर सहा महिनेही बसायचं नाही. वाट बघण्यासारखं तिथं काही नसतं.

ठेवलेल्या थराचं घाबरू नका, वर लिहिलंय तेच कारण. पण म्हणूनच पुढचे एमआरआय चुकवायचे नाहीत. आणि वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं पातळ, खारट काही गळलं, ताप आणि मान आखडली, तर सर्दी समजू नका, थेट पुण्याला फोन.

कुंडलिका

माझं उरलेलं सांगून टाकतो. डोळा मिटायच्या त्रासासाठी मी बोटॉक्स घेतो, डोळ्याभोवती बारीक सुया. तीन-चार महिने टिकतं, मग परत. ज्या स्नायूंना नस चुकून जास्त हुकूम देते त्यांना थोडं झोपवायचं, एवढंच. चांगल्या बाजूच्या कपाळालाही घेतलं तर दोन्ही भुवया सारख्या दिसतात, पण मी म्हटलं राहू दे, एक तरी कपाळ आठ्या घालायला हवं, उधारीवाले येतात.

मांजराकाठ

गोदातीरभाऊ, बोटाची युक्ती चालली. 'प' निघाला, 'फ' अजून फुसका आहे. जून उजाडायच्या आत शाळेवर जायचं ठरवलंय. तुमच्याकडं नांदेडला यायचं तर कधी यावं? आत्ता काहीच हलत नाही म्हणता.

गोदातीर

आत्ता येऊन पैसे घालवू नका, तसंही नांदेड लांब पडतं. महिन्यातून एकदा व्हिडिओ काढा. उजेड समोरून, खिडकीकडं तोंड करून, पाठीमागून नको. ओळीनं: गप्प बसलेला चेहरा, भुवया वर, डोळे हलकेच मिटून, मग घट्ट मिटून, नाक मुरडून, बंद ओठांनी हसून, 'ई' म्हणून, 'ऊ' म्हणून. प्रत्येकाच्या मध्ये चेहरा सैल सोडा. तिसऱ्या महिन्यानंतरचे दोन व्हिडिओ खासगी निरोपातून पाठवा. कुठंही काही हललेलं दिसलं तर मी बोलावतो, नाही तर लातूरला एक ओळखीची मुलगी चेहऱ्याचं काम नीट करते, ती जवळ पडेल.

मांजराकाठ

चालेल. धाकट्याला काढायला लावते. पहिला काढला, पण त्यात त्यानं मागच्या मांजराचंच शूटिंग केलंय, परत काढते.